नमुना सही

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून ही वही सुरू करतो आहे. रोज चार ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. काय लिहायचं याला बंधन नाही. "मला मजकूर वाचायचा नाही, सही बघायची आहे," असं त्या म्हणाल्या. लिव्हर बिघडलं की रक्तातली घाण साफ होत नाही, ती डोक्यापर्यंत जाते, आणि माणूस हळूहळू गोंधळायला लागतो. त्याचं त्याला कळत नाही. सही मात्र आधी सांगते म्हणे.

मी म्हणालो, "बाई, बत्तीस वर्षं बँकेत सह्या पडताळायचंच काम केलंय मी. बरोबर गिऱ्हाईक पकडलंत." त्या हसल्या. वय पस्तिशीच्या पुढे नसेल, पण कपाळावर आठ्या आमच्या मोठ्या साहेबांसारख्या.

घरी येऊन माझा पुठ्ठा शोधून काढला. निवृत्त होताना घरी आणलेली ही एवढीच वस्तू. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, मध्ये एक लांबट खिडकी कापलेली. कागदावर ठेवला की फक्त सही दिसते, बाकी सगळं झाकलं जातं. सही बघताना माणूस कोण, हुद्दा काय, हे दिसताच कामा नये, नाहीतर डोळा भुलतो. डॉक्टरीणबाईंना वही दाखवताना हाच पुठ्ठा वर ठेवणार. म्हणजे वरच्या ओळींत मनातलं लिहायला मी मोकळा.

खालची सही ही नमुना सही. उद्यापासूनच्या सगळ्या हिच्याशी ताडायच्या.

५ फेब्रुवारी

परवा दवाखान्यात झालेलं बोलणं नीट लिहून ठेवतो. बायकोला औषधांच्या रांगेत उभं केलं होतं, तेवढ्यात विचारून घेतलं. "माझं नेमकं किती बिघडलंय? मोजून सांगा."

बाईंनी केसपेपरच्या पाठीवर पाच ओळी काढल्या. कावीळ. रक्तातलं अल्ब्युमिन. रक्त गोठायला लागणारा वेळ. पोटातलं पाणी. डोक्यातला गोंधळ. प्रत्येकाला एक, दोन किंवा तीन पॉइंट. सगळं ठीक असलं तरी पाच होतात, सगळं वाईट असलं तर पंधरा. सहापर्यंत अ वर्ग, सात ते नऊ ब, दहापासून पुढे क.

"पॉइंटला आपल्यात गुण म्हणतात," मी म्हणालो. दुसऱ्याला दुरुस्त करायची माझी जुनी खोड आहे.

"बरं, गुण. तुमचे सात झाले." पोटात थोडं पाणी आणि अल्ब्युमिन कमी, त्यांचे दोन-दोन. बाकी एकेक.

वर्गवार निकाल काय लागतो ते विचारलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, वर्षअखेरीला अ मधले जवळपास सगळे असतात, ब मधले शंभरातले ऐंशी, क मधले निम्म्याहून कमी. "हे घोळक्याचं झालं. तुमचं एकट्याचं असं नाही सांगता येत." आणि मग मुद्द्यावर आल्या. औषधांनी हे लिव्हर पूर्ववत होणार नाही, बदलावं लागेल. मुलीचा रक्तगट जुळतो, तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, ती तयार आहे. तिचा तुकडा काढून मला बसवता येईल. तिचं पुन्हा वाढतं. "पण हे डोकं साफ असताना ठरवा. ब मध्ये आहात तोवर. समिती तुम्हाला एकट्याला बसवून विचारेल आणि तुमची सही घेईल."

विचार करून सांगतो म्हणालो. विचार झालेलाच आहे. मुलीच्या पोटावर सुरी चालवून मला जगायचं नाही. तिला काही झालं तर मी त्या तुकड्याचं काय करू?

आयुष्यात बाटलीला हात लावला तो फक्त फिनेलच्या. साखर आणि चरबीनेही लिव्हर असंच जातं, हे मला साठीत कळलं. जिन्यात भेटणाऱ्यांना ते सांगून पटत नाही. मान हलवतात आणि माझं तोंड हुंगायला अर्धं पाऊल पुढे येतात.

सही पास.

८ फेब्रुवारी

बायको कपडे शिवते. खिडकीखाली तिचं मशीन, शेजारी माझी खुर्ची, मध्ये चिंध्यांची टोपली. मापाची टेप तिच्या गळ्यात दिवसभर असते. आता रोज सकाळी ती माझं पोट मोजते आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच लिहून ठेवते. आज सदतीस इंच.

टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बाई काय म्हणाल्या ते तुम्ही सांगितलंच नाही."

"सात गुण म्हणाल्या."

"कितीपैकी?"

"पंधरापैकी."

"म्हणजे जेमतेम काठावर. वाढवा जरा."

दुरुस्त करायची खोड मी आवरली. गुण वाढले की औषधाला गुण येतोय असंच तिला वाटणार, आणि वाटलं तर बिघडलं काय. माझ्या पोटात काही राहत नाही अशी तिची लग्नापासूनची तक्रार. आता पाणी राहतं, आणि हेही राहील. सही पास.

१ मार्च

गोड पाकाचं औषध दिवसातून तीनदा घ्यायचं. रोज दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर घाण डोक्यात चढते. बाहेर जायचं असलं की मी दुपारचा घोट टाळतो. बसमध्ये पंचाईत नको. बायकोला घेतला म्हणून सांगतो.

आज कारण नसताना ती म्हातारी आठवली. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी यायची. हात कापायचा, सही दर वेळी वेगळी. मी तीनदा तिचा कागद परत केला. नियम असा की सही जुळत नसेल तर ओळखीचं माणूस आणायचं. त्याने समोर उभं राहून ओळख पटवली की चालतं. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला ओळखणारे सगळे वर गेले हो." मागे रांग होती. मी पुढच्याचा कागद घेतला.

ती मला ओळखीची होती. दर महिन्याला यायची. ओळख पटवणारा म्हणून मीच सही करू शकलो असतो. हे तेव्हा सुचलं नाही, आज सुचतंय.

३ मार्च, मंगळवार

दवाखाना. बायकोला रांगेत पाठवलं.

कावीळ वाढली. त्याचा एक गुण वाढून आठ. डोक्याच्या तपासणीला एक कागद देतात. त्यावर पंचवीस गोल विखुरलेले, एक ते पंचवीस आकडे. क्रमाने रेघ ओढत जायची आणि बाई घड्याळ लावतात. मला बावन्न सेकंद लागले. "अजून ठीक आहे," त्या म्हणाल्या. 'अजून' मला आवडलं नाही. उठताना टेबलावरचा एक कोरा कागद खिशात घातला. चोरी म्हणायची तर चोरी. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या.

पुठ्ठ्यातून त्यांनी महिन्याच्या सह्या बघितल्या. एकेक करून पानं उलटली. मी म्हणालो, "काडीचा फरक सापडणार नाही."

बायकोला सांगितलं, आठ. "बघा, गुण येतोय," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला. चष्म्याचा नंबर वाढला असणार. मुंगीला सांगायला हवं.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मुंगी. आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि त्यांना एका जागी बसवते.

१९ मार्च

गोलांच्या कागदात छत्तीस सेकंदांवर आलो. सात डावीकडे वर, आठ त्याच्या तिरक्या खाली, नऊ थेट पलीकडच्या कडेला. डोळे मिटूनही सांगेन.

दिवसा झोप येते आणि रात्री येत नाही. वयोमानाने होतं.

पँट कमरेत बसेना. बायको म्हणाली, "कापड आटलंय. शिवणीत सोडून ठेवलंय दीड इंच, उसवून देते." पाण्याने कापड आटतं हे खरंच. मला उगाच पोटाची शंका आली होती.

३१ मार्च, मंगळवार

पोटातलं पाणी आता 'थोडं' राहिलं नाही. नऊ गुण. गोलांचा कागद मी चौतीस सेकंदांत संपवला. बाईंनी घड्याळ दोनदा बघितलं. "तुम्ही सुधारताय?" असं विचारलं तेव्हा त्यांच्या आठ्या वाढल्या. डोक्याचा एकच गुण ठेवावा लागला त्यांना. दोन दिले असते तर मी क मध्ये गेलो असतो. मनातल्या मनात माझ्याच पाठीवर थाप मारली.

मग त्यांनी वही घेतली. पुठ्ठा सरकवत सरकवत आल्या आणि बोट ठेवलं. "इथून पुढे शेवटची वेलांटी आखडतेय. सही खाली उतरतेय."

मी त्यांना समजावलं. प्रत्येक माणसाची सही थोडी हलतेच. अगदी तंतोतंत जुळली तर उलट खोटी समजायची. हे वळण आखडलं तरी हाताचा ओघ तोच आहे. "माझ्या टेबलावर आली असती तर मी पास केली असती," म्हणालो.

"घरात कोणाला काही जाणवतं का? बायको कुठे आहेत तुमच्या?"

"रांगेत आहेत. त्यांना विचाराल तर म्हणतील, लग्नापासूनच गोंधळ आहे."

त्या हसल्या नाहीत. "ऑपरेशनचं ठरवलंत का? ही वेळ परत येत नाही." मी पुढच्या वेळी सांगतो म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं, नऊ. "बरं झालं," म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता. बादली भरून वाहिली असणार. पाणी वाया जातंय म्हणून मी दारावर टकटक केली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि बादली रिकामी.

सही पास. पोट एक्केचाळीस.

१२ एप्रिल, रविवार

आज मुंगीशी वाजलं.

ती गादीची चादर बदलायला गेली आणि गादीखालचे गोलांचे कागद बाहेर पडले. अकरा भरलेले, नऊ कोरे. एकेक उलटून बघितला तिने. मग समोर बसली. "आमच्याकडे असे लोक येतात, बाबा. गाडीच्या परवान्यासाठी. भिंतीवरच्या पाटीची शेवटची ओळ बाहेरून कोणाकडून तरी ऐकून, पाठ करून येतात. पास होतात आणि दुसऱ्या दिवशी खांबाला धडकतात. तुम्ही त्यांतले निघालात."

तिने एका कागदावर स्वतःच्या हाताने पंचवीस गोल काढले, आकडे वेगळीकडे टाकले, आणि माझ्यापुढे ठेवले. बायको मशीन थांबवून बघत होती. मी तेरापर्यंत गेलो. चौदा तिने काढलाच नव्हता. तसं मी म्हणालो. तिने माझं बोट धरून चौदावर ठेवलं. शिवाय पेन नीट चालत नव्हतं.

"बाबा, का करताय हे?"

"तुला कापू देणार नाही मी."

"मला विचारलंत?"

"बापाला विचारावं लागत नाही."

तिने सगळ्या कागदांची चळत नीट लावली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला काय म्हणायचात लहानपणी? काळजाचा तुकडा. आल्या-गेल्यासमोर म्हणायचात. आता खरंच तुकडा द्यायची वेळ आली, तर घेत नाही म्हणता."

मी रागावलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही. ती चप्पल घालून निघून गेली. बायको तिच्यामागे जिना उतरून गेली आणि बऱ्याच वेळाने एकटीच वर आली. मी तिला म्हटलं, पोरीला माझ्यापासून वाचवायचं असेल तर तू तरी माझ्या बाजूने राहा. ती म्हणाली, "मी तुमच्याच बाजूने आहे. तुम्हीच तिथे नाही आहात."

मला अर्थ लागला नाही. सही केली.

२२ एप्रिल

आज बँकेत कामाचा फार ताण होता. उशीर झाला म्हणून घाईने गेलो. पायांत चपला नव्हत्या, त्या बहुतेक कोणी नेल्या. माझ्या टेबलावर एक मुलगी बसली होती. नवीन असावी. उठायलाच तयार नाही. मी म्हटलं, बाई, पुठ्ठा माझा आहे आणि टेबलही माझंच. ती संगणकात बघून सह्या तपासते. पुठ्ठा नाहीच तिच्याकडे. पुठ्ठ्याशिवाय माणूस दिसतो, मग डोळा भुलतो, हे मी तिला शिकवलं. तिने पाणी दिलं आणि खुर्ची दिली. म्हातारी आली का विचारलं, तर कोणती म्हातारी म्हणाली. म्हातारीचा कागद पास करायचा राहिलाय.

मग बायको न्यायला आली. टेप गळ्यात तशीच. सगळ्यांसमोर माझा हात धरला. बँकेत असं बरं दिसत नाही.

बँकेत कामाचा फार ताण होता. सही

३१ एप्रिल

बायको पाक पाजते पाजते. कपाट बोलत नाही पण ऐकतं. मुंगी शाळेतून आली नाही अजून, पाऊण वाजून गेला. गुण नऊ. गुण चांगले आहेत गुण चांगले. सही कुठे करायची ती जागा हलते

६ मे, बुधवार

सहा दिवस मी नव्हतो म्हणायला हरकत नाही. दवाखान्यात आहे. चार खाटांची खोली, माझी खाट दाराजवळ. वही बायकोने पिशवीतून आणली. वरचं पान आज दोनदा वाचलं. एप्रिलला एकतिसावी तारीख नसते हे मला कोणी सांगायला नको होतं.

त्यांनी नळ्या घातल्या, पोट साफ केलं, पाकाचा मारा केला, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पोटातल्या पाण्यात जंतू झालेत. गुण अकरा. क वर्ग.

आज बाई आल्या तेव्हा मी सवयीने बायकोला म्हटलं, "तू औषधं घेऊन ये." ती स्टुलावरून उठली नाही. "औषधं इथेच देतात," म्हणाली.

बाईंनी मोकळेपणाने सांगितलं. जंतू गेले आणि डोकं असंच राहिलं, तर समितीला पुढच्या आठवड्यात बोलावता येईल. ऑपरेशन अजून होऊ शकतं, पण फेब्रुवारीतली गोष्ट आता राहिली नाही. जोखीम वाढली. त्याआधीच पुन्हा गोंधळ झाला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलं. ते गुण वाढणं म्हणजे..."

"माहितेय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बाईंनी ज्या कागदाच्या पाठीवर लिहिलं तो पिशवीत कोण ठेवतं? मीच ना. आणि पोट कोण मोजतं?"

"मग बोलली का नाहीस?"

ती माझी उशी सारखी करत होती. "तुम्ही इतकं मन लावून खोटं बोलत होतात. वाटलं, तेवढाच तुम्हाला आधार. चुकलं माझं. मुंगी सांगत होती बोल म्हणून. मी मूग गिळून बसले. तीन महिने गेले त्यात." मग उशीची शिवण चाचपत म्हणाली, "कापड आटलं म्हणे. शिवणारी आहे मी. ते कापड आटणारं नाही."

मला रडू आलं. तिला तीन महिने फसवलं असं मी समजत होतो, आणि त्या तीन महिन्यांत ती एकटीच रडत होती.

७ मे, गुरुवार

मुंगी आली. भांडणाचं काही काढलं नाही. सवयीने माझी खालची पापणी ओढून डोळ्यात बघितलं. "पिवळे आहेत," एवढंच. मी तिला म्हटलं, मला बँकेत बसलेलं आठवतंय. तो माणूस म्हणून मला जगायचं नाही, आणि तो माणूस म्हणून तुम्हा दोघींना सोडून जायचंही नाही. मला भीती वाटते तुझ्यासाठी. पण तू देतेस तर मी घेतो.

तिने मान डोलावली आणि पांघरुणात तोंड खुपसून बसून राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. या आजारात हात आपोआप थोडा फडफडतो. तिने तो तसाच राहू दिला.

८ मे, शुक्रवार

सोमवारी समितीसमोर संमतीपत्रावर सही करायची. समितीचे लोक पूर्वीच्या कागदांशी ताडून बघतात, असं बाई म्हणाल्या. म्हणून आधी इथे करून बघितली. सावकाश केली. जेवढं लक्ष लावता येतं तेवढं लावलं.

मग पुठ्ठा घेतला. आधी तीन फेब्रुवारीच्या सहीवर ठेवला, मग आजच्या सहीवर. पाच-सहा वेळा इकडून तिकडे नेला. सुरुवातीचा उभा फटकारा दोन जागी तुटलाय. मधल्या अक्षराला पोट नाही. वेलांटी तर नाहीच, तिच्या जागी एक खरचटल्यासारखी रेघ आहे. ओळ उताराला लागली आहे. मार्चातली सही मी बाईंशी वाद घालून पास करून घेतली होती. ती चूक पुन्हा करणार नाही.

शेरा लिहिला : सही जुळत नाही. परत.

बायको खांद्यावरून वाचत होती. लपवायला आता काही उरलेलं नाही. म्हणाली, "मग अशा वेळी बँकेत काय करायचात?"

"ओळखीचं माणूस आणायला सांगायचो. त्याने समोर ओळख पटवली की चालायचं."

तिने चष्मा लावला. माझ्या हातून पेन घेतलं, पुठ्ठा बाजूला काढून ठेवला. मापं लिहिते तशा जाड, सुट्या अक्षरांत खालची ओळ तिने लिहिली आहे.

सही माझ्यासमोर केली. मी यांना ओळखते.